मला न झालेली कावीळ

मला आयुष्यात कधीही कावीळ झालेली नाही. हे एकदाचं लिहूनच टाकतो, कारण तोंडाने सांगायच्या सगळ्या संधी मी बारा वर्षं वाया घालवल्या.

कावीळ मला झाली ती साताऱ्यात, मुलगी बघायला गेलो तेव्हा, साधारण दोन सेकंदांत. मुलीचे वडील नगरपालिकेत होते, बांधकाम परवानगीच्या खात्यात. कुणीही पुढे केलेला कागद आधी उजेडाकडे धरून बघायची त्यांना सवय. माझा बायोडाटाही त्यांनी तसाच खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "बारावी आणि डिग्री यांच्यात पाच वर्षं दिसताहेत. कोर्स चार वर्षांचा असतो ना?"

खरं उत्तर असं होतं की, ते जादाचं वर्ष मी एका कॉम्प्युटर गेमला वाहिलं होतं. तिसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या आमच्या होस्टेलवर हा गेम आला. सुरुवातीला तुमच्याकडे तीन गडी, गावाचा चौक आणि आसपास भटकणारी चारदोन मेंढरं. गड्यांना लाकूड तोडायला लावायचं, शेतं पिकवायची, घरं बांधायची, मग सैन्य उभारायचं आणि शेवटी शेजाऱ्याचं राज्य बुडवायचं. बुद्धिबळासारखं एक खेळी तुझी, एक माझी असं यात नाही. सगळे एकाच वेळी हात चालवतात. तुम्ही विचार करत बसलात की तेवढ्यात शेजारी हत्ती घेऊन दारात उभा. आम्ही खिडक्यांतून वायरी ओढून बारा कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. त्या वर्षी मी अकरा राज्यं बुडवली आणि तीन विषय. राज्यांचा काही उपयोग झाला नाही. विषयांनी वर्ष नेलं.

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर समोरच्या पोह्यांवर गेली. हळद जरा सढळ हाताने पडली होती.

"कावीळ झाली होती," मी म्हणालो.

"अरेरे. कोणत्या प्रकारची?"

"पिवळी."

लग्न ठरलं. माझी समजूत अशी की विषय तिथे मिटला. पण खोट्याचं आणि कढीपत्त्याच्या रोपाचं एक असतं, एकदा रुजलं की आपण पाणी घातलं नाही तरी दुसरं कुणीतरी घालतं. इथे पाणी सासूबाईंनी घातलं. पहिल्या दिवाळसणाला ताटात मुळ्याची भाजी, ज्वारीच्या लाह्या आणि शेजारी उसाच्या रसाचा तांब्या. लिव्हर नाजूक असलेल्या जावयासमोर बाकीच्यांनी तळलेलं खाणं बरं दिसत नाही, म्हणून मी घरात असेपर्यंत त्या घरात कढईच चढायची नाही. सासरे माझ्या शेजारी बसून तेच निमूटपणे जेवायचे. मला वाटायचं, साधा माणूस आहे, आवडत असेल मुळा.

बायकोला खरी गोष्ट लग्नानंतर आठव्या दिवशी कळली, होस्टेलवरच्या एका मित्राच्या कृपेने. ती भांडली वगैरे नाही. तिने ती गोष्ट दागिन्यासारखी कपाटात ठेवली आणि गरजेपुरती बाहेर काढायला लागली. "भांडी तू घासतोस, की बाबांना काविळीचं विचारू?" असं एवढंच म्हणायची.

पुढे आम्ही जर्मनीत आलो, पण दिवाळीला दरवर्षी साताऱ्याला जायचो. इंगोलश्टाटमध्ये मी गाड्यांच्या खिडक्यांची काच वरखाली करणाऱ्या मोटरीवर काम करतो. तिथे माझ्या टेबलासमोर एक बव्हेरियन सहकारी बसायचा. त्याला मी इथे समोरचाच म्हणतो. पन्नाशीचा, मितभाषी, सकाळी नऊ म्हणजे नऊला ब्रेझल, म्हणजे त्यांचा तो वेटोळ्याचा खारा पाव, खाणारा. एकदा त्याच्या पडद्यावर मला ओळखीचे तीन गडी आणि ओळखीची मेंढरं दिसली. जुना गेम रंगरंगोटी करून पुन्हा विकायला आला होता.

"तुला माहीत आहे हा?" त्याने विचारलं.

आता, जी गोष्ट साताऱ्यात सांगायची हिंमत नव्हती ती इंगोलश्टाटमध्ये सांगायला काय जातंय? मी तिखटमीठ लावून सांगितली. ह्या खेळासाठी मी आयुष्यातलं एक अख्खं वर्ष दिलंय, तीन विषय सोडलेत, होस्टेलमध्ये माझं नाव काढलं की लोक आपापल्या मेंढरांना आत घ्यायचे. तो हसेल असं मला वाटलं होतं. पण जर्मन माणूस शिक्षणाच्या बाबतीत हसत नाही. त्याने ब्रेझल खाली ठेवला.

"आल्झो, म्हणजे एक पूर्ण वर्ष," तो म्हणाला. "पूर्णवेळ?"

"पूर्णवेळ."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग तू आमच्यात ये."

त्याचं असं होतं की म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेतले तिघे दर दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी त्याला आणि त्याच्या जोडीदारांना इंटरनेटवरून हरवत होते. जोडीदार कंटाळून सोडून गेले. आता त्याला असा एक प्रशिक्षित माणूस हवा होता आणि आणखी एक कुणीही.

प्रशिक्षित माणसाने त्याच संध्याकाळी गेम विकत घेतला आणि सगळ्यात सोप्या पातळीवर कॉम्प्युटरविरुद्ध खेळायला बसला. सगळ्यात सोप्या पातळीवर कॉम्प्युटर आपल्यावर हल्लासुद्धा करत नाही. तरी मी हरलो. झालं असं की, जुन्या सवयीने मी आधी गावाला चहूबाजूंनी तटबंदी घातली. सुंदर तटबंदी. फक्त दरवाजा ठेवायला विसरलो. गडी आत, जंगल बाहेर. लाकूड संपलं, मेंढरं संपली, आणि आपलीच भिंत पाडता येते हे काही केल्या आठवेना. शेवटी मी गुपचूप शरणागती पत्करली. बायको मागे उभी राहून बघत होती.

"यासाठी वर्ष घालवलंस?" ती म्हणाली. "मला वाटलं, निदान येत तरी असेल."

नोव्हेंबरात सासरे आले. निवृत्त झाले होते. सासूबाईंच्या गुडघ्यांना विमान मानवत नाही, म्हणून एकटेच, तीन महिन्यांसाठी. बॅगेत त्यांनी माझ्यासाठी भुईआवळ्याच्या चूर्णाचा डबा आणला होता. म्युनिकच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती हिरवट पूड बघून बराच वेळ प्रश्न विचारले, तेव्हा सासऱ्यांनी त्याला खणखणीत इंग्रजीत माझ्या लिव्हरचा पूर्वेतिहास सांगितला. त्या विमानतळावर माझी कावीळ सरकारदरबारी नोंदली गेली असावी.

पहिले आठ दिवस ते गावभर फिरले, हात मागे बांधून, इमारतींकडे बघत. "एकाही माणसाने गॅलरी पुढे वाढवून घेतलेली नाही," ते जेवताना म्हणाले. आवाजात कौतुक होतं, पण थोडी काळजीही. "मग त्या खात्यातले लोक दिवसभर करतात काय?" मग डॅन्यूबवरचं धुकं गावात शिरून मुक्कामालाच आलं आणि समोरची इमारतच दिसेना. सासरे घरात अडकले.

अशाच एका दुपारी माझ्या पाठीमागून आवाज आला, "हे काय, टाउन प्लॅनिंग का?"

मी म्हणालो, "हो बाबा." दुसरं खोटं. पहिल्याला सोबत.

"तरी म्हटलं. घरं एकमेकांना चिकटलीत तुमची. साईड मार्जिन कुठे आहे? उद्या आग लागली तर बंब जाणार कुठून?" त्यांनी खुर्ची ओढली. "सरका जरा, जावईबापू."

मी सरकलो तो कायमचाच. पंधरा दिवसांत त्यांनी उभी केलेली गावं बघून डोळे निवायचे. रुंद सरळ रस्ते, दोन घरांत मोकळी जागा, शेतं एका बाजूला, लोहारकाम वस्तीपासून लांब. सैन्य ते नाइलाजाने, बंदोबस्ताला म्हणून ठेवायचे, पण तेही चाळीस घोडेस्वार, ओळीत. मुख्य म्हणजे त्यांच्या गावाला दरवाजे असायचे.

इथे मी मोठी चूक केली. समोरच्याने ऑफिसात विचारलं, "तिसरा कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात एक आहे. माझे सासरे." ही दोन माणसं अशी होती की ज्यांच्या हातात माझ्या गोष्टीचा अर्धा-अर्धा भाग होता. एकाला वर्ष का गेलं ते माहीत होतं, दुसऱ्याला कावीळ माहीत होती. आणि त्या दोघांना मी स्वतःहून एकाच हेडफोनात बसवत होतो.

मग तिसरं आणि चौथं खोटं एकाच दिवशी बोललो. समोरच्याला सांगितलं की सासऱ्यांना मराठीशिवाय काही येत नाही. सासऱ्यांना सांगितलं की त्याला जर्मनशिवाय काही येत नाही.

"मग खेळताना मी काय करायचं?" सासरे म्हणाले.

"तो कप्तान आहे. काही असलं तर मी सांगेन."

बायको शेजारी मटार सोलत होती. "दोघांना मुकं केलंस," ती हळूच म्हणाली. "एवढी मेहनत अभ्यासात घेतली असतीस तर."

रविवार उजाडला. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी, पण राज्य बुडवायला हरकत नसते. सासरे जेवणाच्या टेबलावर बायकोचा लॅपटॉप घेऊन बसले, मी बेडरूममध्ये, समोरचा त्याच्या घरी. तिघांच्या कानात एकमेकांचे आवाज. बरोब्बर दोनला खेळ सुरू झाला.

पहिला अर्धा तास मी बरा खेळलो, म्हणजे मेंढरं गोळा केली. मग गार्चिंगच्या तिघांचं सैन्य समोरच्याच्या गावाकडे निघालं. तो म्हणाला, तुझे घोडे पाठव. मी लगेच आज्ञा दिली. माझे तीस घोडेस्वार डौलात निघाले आणि माझ्याच तटबंदीपाशी येऊन थांबले. मग तटाच्या कडेकडेने गावाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग दुसरी.

होय. पुन्हा. दरवाजा नव्हता.

"येतोय ना?" समोरच्याने जर्मनमध्ये विचारलं.

"येतोय, निघालोच," मी म्हणालो. "तू तोवर धीर धर."

"या, या," तो वैतागून म्हणाला. "या, या, या."

आता, जर्मन लोक 'हो'ला 'या' म्हणतात हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही ऐकण्यासारखं आहे हेच मी विसरलो होतो. पण जेवणाच्या टेबलावर एक गृहस्थ तासभर शांतपणे परक्या भाषेचा गोंगाट ऐकत बसले होते, आणि त्या गोंगाटात त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ मराठी शब्द ऐकू आला. तोही कप्तानाच्या तोंडून, तोही आदरार्थी. जावयाने माझ्या सोयीसाठी त्याला दोन शब्द शिकवले असावेत असं त्यांना वाटलं. वरून आदेश आला की कारण विचारायचं नाही, ही नोकरीतली सवय. त्यांनी चाळीसच्या चाळीस घोडेस्वार उचलले आणि गाव उघडं टाकून समोरच्याच्या मदतीला निघाले.

ते जंगलात निम्म्या वाटेवर असतील तेव्हा तीन वाजले. तीन वाजता समोरच्याच्या घरी केक असतो. लढाई चालू असली तरी असतो. त्याने माईक बंद केला आणि एका हाताने केक, एका हाताने राज्य असं चालवलं. मी खाली चॅटच्या चौकटीत लिहून विचारलं, "तग धरशील ना?" त्याने दोनच अक्षरं टाइप केली. जे आणि ए, कारण जर्मन 'या' तसंच लिहितात.

सासऱ्यांनी ते वाचलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सासूबाईंशी ते रोज इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहितात. त्यांच्या हिशेबी तिथे लख्ख लिहिलं होतं: जा.

त्यांनी घोडे फिरवले.

दोन मिनिटांत केक संपला, माईक सुरू झाला, मी पुन्हा काहीतरी थाप मारली आणि तो पुन्हा म्हणाला, "या, या." घोडे पुन्हा वळले. मग त्याच्या बायकोने केकचा दुसरा तुकडा दिला असावा, कारण पुन्हा लेखी उत्तर आलं. चाळीस घोडेस्वार त्या जंगलात चार वेळा आले नि गेले. माझे तीस तटाच्या आतून फेऱ्या मारत होते. आमच्या बाजूचे सत्तर घोडे धावत होते आणि एकही लढत नव्हता.

तेवढ्यात गार्चिंगकरांना सासऱ्यांचं मोकळं गाव दिसलं. असे रस्ते त्यांनी जन्मात पाहिले नसतील. तीन हत्ती शेजारी-शेजारी चालत, कुठेही न अडकता, सरळ चौकात पोचले. बंब जाण्यासाठी सोडलेल्या जागेतून आगीच आत आल्या.

आणि मग हेडफोनमध्ये सासऱ्यांचा आवाज आला. इंग्रजीत. विमानतळावरच्या त्या खणखणीत इंग्रजीत.

"साहेब, कृपया एक काय ते ठरवा. तोंडी सांगता या, लेखी देता जा. अशाने अंमलबजावणी होत नाही."

मग समोरचा तितक्याच स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"बेचाळीस वर्षांपासून. तुम्हाला येतं?"

मी माईकवर जोरात खोकलो. कुणी लक्ष दिलं नाही. समोरच्याने 'या'चा अर्थ सांगितला, सासऱ्यांनी 'या'चा अर्थ सांगितला, आणि मितभाषी बव्हेरियन माणूस हसताना कसा आवाज करतो ते मी पहिल्यांदा ऐकलं. दोघांचं जमलंच. मी मध्ये म्हणालो, "आपण खेळाकडे लक्ष देऊ या का?" तेव्हा समोरचा सासऱ्यांना म्हणाला, "याच्या गावाला दार नाही, बघितलंत का? मला नवल वाटतं. या खेळाचं त्याचं एक वर्षाचं प्रशिक्षण झालंय."

"कोणतं वर्ष?" सासऱ्यांनी विचारलं.

"कॉलेजातलं. पूर्णवेळ. त्यासाठी त्याने तीन विषय सोडले. तुम्हाला तर माहीतच असेल."

सासऱ्यांनी एक मोठा श्वास सोडला. तो मला दोनदा ऐकू आला, एकदा कानातून आणि एकदा भिंतीतून.

"माहितीबद्दल आभारी आहे," ते म्हणाले. आणि शेवटचा गडी पडेपर्यंत नेटाने खेळले. आम्ही हरलो. समोरच्याने त्यांना पुढच्या सामन्याचं आमंत्रण दिलं. मला दिल्याचं आठवत नाही.

हेडफोन काढून मी बेडरूममध्येच बसून राहिलो. चादरीच्या सुरकुत्या नीट केल्या. मग बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

"या."

या वेळी अर्थाबद्दल काही शंका नव्हती.

मी जाऊन त्यांच्यासमोर बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात, हातात बटाटा. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि मी जणू कागदच असल्यासारखं मला खिडकीच्या उजेडात पाहिलं.

"कावीळ नव्हती."

"नव्हती, बाबा."

"तीन विषय."

"हो."

"जावईबापू," ते म्हणाले, "मला मुळा आवडत नाही."

मला काही समजेना.

"लहानपणापासून आवडत नाही. वासही सहन होत नाही. बारा दिवाळ्या मी तुमच्याशेजारी बसून मुळा खाल्ला. घरात कढई नाही. चकली नाही, शंकरपाळं नाही. एका दिवाळीला मी फिरायला जातो सांगून स्टँडवर जाऊन वडा खाल्ला, आणि परत येताना मनाला लागलं. म्हटलं, बिचारा जावई तिकडे लाह्या खातोय आणि आपण हे करतोय."

मी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मला फक्त माझंच ताट दिसलं होतं. हसू येतंय असं वाटत होतं, पण आलं नाही.

"बाबा, चुकलं. उद्या मी सासूबाईंना फोन करून सगळं सांगतो."

"थांबा," ते म्हणाले. पुढ्यातला लॅपटॉप त्यांनी बाजूला सारला आणि बसण्याची पद्धतच बदलली. टेबलामागे अख्खं खातं बसल्यासारखं वाटलं. "बांधकाम अनधिकृत आहे, यात वाद नाही. पण बारा वर्षं उभं आहे. त्यात माणसं राहतात. तुमच्या सासूबाईंनी त्यावर मजले चढवलेत. आता पाडायला गेलं तर पहिल्यांदा त्यांच्याच डोक्यावर पडेल. अशा वेळी आम्ही पाडत नाही, नियमित करतो. दंड लावून."

"काय दंड?"

त्यांनी फडताळाकडे बोट दाखवलं. भुईआवळ्याचा डबा तिथे होता, आल्यापासून मी झाकणसुद्धा न उघडलेला. "तिने स्वतः वाळवून, कुटून पाठवलंय. पाठ दुखेस्तोवर. रोज सकाळी एक चमचा, माझ्यासमोर. डबा संपेपर्यंत."

"आणि आईला काय सांगायचं, की बरा झाला?" बायकोने विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं," ते म्हणाले. "तू ती कढई ठेव आधी."

संध्याकाळी बटाटेवडे झाले. पहिला घाणा कढईत असतानाच सासूबाईंचा फोन आला. साताऱ्यात रात्र झाली होती. झोपण्यापूर्वी त्या रोज एकदा चौकशी करत. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"जावयांची तब्येत कशी आहे?"

"सुधारते आहे. इथली हवा मानवली. हळूहळू तेल सोसेल असं दिसतंय."

"घाई नका करू हं. आणि हा मागे चर्र असा आवाज कसला येतोय?"

जन्मभर दुसऱ्यांचे कागद उजेडाला धरलेला तो माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या धुक्याकडे, मग हातातल्या वड्याकडे. मी मोजलं. साधारण दोन सेकंद लागले.

"गारा पडताहेत," ते म्हणाले.

"अगं बाई. कसल्या गारा?"

"पांढऱ्या."

आणि त्यांनी एका हाताने वड्याची बशी माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या हाताने चूर्णाचा डबा.